गॅलरीची खोली

उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या माणसाने बोटीतल्या खोल्यांविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. समुद्र आमच्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. जवळचे मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. ते नळाला कोणत्या दिवशी येणार, याची चर्चा आमच्या गल्लीत क्रिकेटपेक्षाही हिरिरीने चालते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे लेण्यांचे, किल्ल्यांचे आणि उन्हाचे गाव. या गावचा एक मराठीचा प्राध्यापक चार महिने रोज रात्री बोटींचे नकाशे पुढ्यात घेऊन बसला, ही गोष्ट खरी आहे आणि तो प्राध्यापक मीच.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांपासून अमेरिकेत सिॲटलला असतो. एका रविवारी त्याचा फोन आला. "दादा, पुढच्या जूनमध्ये आईला घेऊन या. आपण सगळे बोटीने अलास्काला जाऊ. तिला बर्फ दाखवू."

आमची आई त्र्याहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले. वडील भूगोलाचे मास्तर होते. तीस वर्षे त्यांनी हिमनदी शिकवली आणि एकही हिमनदी न पाहता सहा वर्षांपूर्वी ते गेले. हिमालय बघायचा असे दरवर्षी ठरे आणि दरवर्षी काहीतरी निघे. कधी कोणाचे लग्न, कधी कोणाची फी. भावाच्या मनात ते असावे. त्याने बोलून दाखवले नाही, मीही विचारले नाही.

कॉलेजात बातमी फुटायला वेळ लागला नाही. स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "लोकमान्यांनी १९०३ साली पुस्तक लिहून आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेऊन ठेवले आहे. तेव्हा तुम्ही परदेशी चाललेला नाहीत, मूळ गावी चालला आहात. जाताना नारळ घेऊन जा." हशा झाला. पण घरी आल्यावर खरा प्रश्न समोर उभा राहिला. बोट कोणती आणि खोली कोणती?

माझी समजूत अशी की बोट म्हणजे बोट. एस. टी.चे तिकीट काढावे तसे तिकीट काढायचे. पण एस. टी.तसुद्धा आपण डोळे मिटून बसत नाही. चाळीसगावकडे जाताना औट्रम घाटात मागच्या बाकावर बसलेल्या माणसाची हाडे कशी खिळखिळी होतात, ते आमच्या भागात पोरालाही ठाऊक असते. जाणता माणूस दोन चाकांच्या मधली जागा धरतो. बोटीचेही नेमके तसेच आहे. पुढची नाळ लाटेवर चढते आणि आपटते, मागच्या टोकाला यंत्रांची थरथर असते. जितके वर जावे तितका झोल जास्त. ज्याला पोटाची भीती आहे त्याने मधली आणि शक्य तितकी खालची खोली घ्यावी.

खोल्यांचे मुख्य प्रकार चार. आतली खोली, जिला खिडकीच नसते. खिडकीची खोली, जिची काच उघडत नाही. मग बाल्कनीची खोली. आणि सर्वांत वर श्रीमंतांचे ऐसपैस सूट. बाल्कनी म्हणजे आपली गॅलरी. हा शब्द मनात आला आणि मला एकदम घरच्यासारखे वाटले. मात्र भावाने दर कळवले तेव्हा ते वाटणे ओसरले. गॅलरीच्या खोलीला आतल्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडत होते.

मी हिशेब मांडला. बोटीची गच्ची सर्वांना फुकट. मोठमोठ्या काचांची दालनेही फुकट. खोलीत माणूस फक्त झोपायला जातो. शिवाय हवा थंड, जूनमध्येसुद्धा पारा दहा-पंधरा अंशांच्या आसपास आणि बर्फाजवळ त्याहून कमी. त्या गारठ्यात गॅलरीत बसणार कोण? आईला लिफ्टने वर नेऊ, एका खुर्चीवर बसवू. तर्क अगदी बिनतोड होता. मी भावाला कळवले, "आतल्या दोन खोल्या घे."

त्या संध्याकाळी मी कॉलेजातून परत येत होतो. वर पाहिले तर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आई नेहमीप्रमाणे बसलेली होती. गुडघे गेल्यापासून तिचे सगळे जग त्या गॅलरीतूनच चालते. स्टेशनकडे धावणाऱ्या रिक्षा, कॉलेजची पोरे, पीर बाजाराकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायका, कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा टँकर आला, सगळे तिला तिथूनच कळते. वर गेल्यावर सहज माझे लक्ष तिच्या खुर्चीकडे गेले. खुर्चीच्या चारही पायांखाली विटा होत्या.

"हे कशाला?" मी विचारले.

"अरे, कठडा उंच आहे ना. बसलं की नुसती भिंत दिसते. रद्दीवाल्याच्या पोराकडून विटा लावून घेतल्या."

"कधी?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

मी रोज त्या गॅलरीत उभा राहून चहा पितो. उभ्या माणसाला कठड्यावरून सारे दिसते. बसलेल्या माणसाला काय दिसते, हे पाहायचे मला कधी सुचले नव्हते. रात्री भावाला फोन करून सांगितले, "आतली खोली रद्द कर. आईला गॅलरी हवी. आणि गॅलरीचा कठडा काचेचा आहे की पत्र्याचा, ते आधी बघ."

तिथून माझा खरा अभ्यास सुरू झाला. काही बोटींवर, विशेषतः पुढच्या टोकाच्या काही खोल्यांना, गॅलरीचा कठडा जाड पोलादी असतो. तिथे खुर्चीवर बसणाऱ्याला आकाश तेवढे दिसते. काही खोल्यांच्या समोर बचावहोड्या टांगलेल्या असतात. तिथे भाडे कमी, पण डोळ्यांपुढे आठवडाभर होडीचे नारिंगी पोट. होड्यांच्या लगेच वरच्या मजल्यावर दूरचे दिसते, खालचे पाणी मात्र झाकले जाते. भोजनगृहाच्या खालची खोली घ्यावी तर पहाटे डोक्यावर खुर्च्या सरकतात. नाट्यगृहाच्या वरची घ्यावी तर मंगल कार्यालयाच्या माडीवर बिऱ्हाड केल्यासारखे. लिफ्टच्या तोंडाशी घेतली तर रात्रभर गप्पा ऐका, फार लांब घेतली तर आईने चालायचे किती? नियम एकच निघाला. वर खोली, खाली खोली, बाजूला खोली, समोर काही नाही, कठडा काचेचा आणि लिफ्ट पंचवीस पावलांवर.

पुढचा प्रश्न बाजूचा, डावी की उजवी? इंग्रजीतल्या ‘पॉश’ या शब्दाची एक गंमतीदार व्युत्पत्ती सांगतात. विलायतेहून हिंदुस्थानात येताना बोटीची डावी बाजू सावलीची, परत जाताना उजवी. बड्या साहेबांना जाता-येता त्या खोल्या मिळत, आणि त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘पॉश’ तयार झाला. कोशकारांना याचा पुरावा काही सापडलेला नाही. शब्दांच्या अशा बऱ्याच व्युत्पत्ती आमच्या वर्गातही जन्माला येतात. पण त्यामागचा हिशेब शहाणपणाचा आहे. कोणत्या वेळी कोणत्या अंगाला काय असणार, ते आधी बघावे. अलास्काचा किनारा उत्तरेकडे जाताना उजव्या हाताला राहतो. एकाच दिशेने वर जाऊन विमानाने परतणाऱ्यांनी उजवीकडची खोली धरावी. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग प्रदक्षिणाच की. देव उजवीकडे." आम्ही मात्र त्याच बंदरात परत येणार होतो. जाताना एका अंगाला जमीन, येताना दुसऱ्या, त्यामुळे ही चिंता मिटली.

बंदर कोणते, यावरून दोन्ही भावांत वाद झाला. त्याचे म्हणणे, सिॲटल घराजवळ आहे. पण नकाशा पाहिल्यावर दिसले की सिॲटलहून निघणाऱ्या बहुतेक बोटी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या महासागरातून वर जातात. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणाऱ्या बोटी त्या साडेचारशे किलोमीटर लांबीच्या बेटाच्या आतल्या बाजूने, दोन्हीकडे डोंगर असलेल्या शांत खाडीतून जातात. त्याच वाटेवर सेमूर नॅरोज ही चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिथल्या पाण्याखालच्या खडकाने कितीतरी जहाजे फोडली. अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी सुरुंग लावून तो खडकच उडवून देण्यात आला. आजही बोटी तिथे भरती-ओहोटीची वेळ साधूनच शिरतात.

कॅनडाचा व्हिसा टाळावा म्हणून सिॲटल धरावे, तर तेही जमत नाही. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या बोटींना अमेरिकेतून उतारू घेऊन, वाटेत परक्या देशाच्या बंदराला न लागता, पुन्हा अमेरिकेत उतरवता येत नाही. मोठ्या प्रवासी बोटी बहुतेक परदेशी निशाणाच्याच असतात. म्हणून सिॲटलची बोटदेखील एका संध्याकाळपुरती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला जाऊन येते. भारतीय पारपत्रवाल्याला दोन्ही देशांचे व्हिसा काढावेच लागतात. तेव्हा व्हँकुव्हरच ठरले. सिॲटलहून मोटारीने तीन-एक तासांची वाट.

बोट निवडताना भावाचा ओढा नव्या, अवाढव्य बोटीकडे होता. तीवर पाण्याच्या घसरगुंड्या आणि कसली कसली करमणूक. मी म्हटले, घसरगुंडी पाहायला अलास्का कशाला? आम्ही एकच कसोटी लावली. ती बोट ग्लेशियर बे या खाडीत जाते का? तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या प्रवासी बोटींना परवानगी असते. त्यामुळे अनेक बोटी दुसऱ्याच हिमनद्या दाखवून परत फिरतात. परवानगी असलेली, जुनी, मध्यम आकाराची एक बोट मिळाली. आई, सौ. आणि मी गॅलरीच्या खोलीत. भाऊ आणि त्याची बायको समोरच्या आतल्या खोलीत. धडधाकट माणसांनी आतली खोली घ्यावी आणि सर्वांनी मिळून एकच गॅलरी वापरावी, ही युक्ती कुटुंबाने जाणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन. माझ्या पहिल्या हिशेबात तेवढा भाग बरोबर होता.

जूनच्या मध्यात बोट निघाली. बेटाचा आडोसा संपून क्वीन शार्लट साउंड लागले, तेव्हा काही तास महासागराचा झोल जाणवला. वरच्या मजल्यावरच्या एका गुजराती कुटुंबाने त्या दिवशी जेवण घेतले नाही. आमच्या खोलीत आईने लिमलेटची गोळी तोंडात टाकली आणि औट्रम घाटाची आठवण काढली.

पहिले गाव केचिकन. तिथे पाऊस. आपल्याकडे वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तर शेतकरी देवाला नमस्कार करतो. तिथे साडेतीन हजारांच्या वर पडतो. दिवसभर गॅलरीतून ढगांखेरीज काही दिसले नाही. सौ. म्हणाली, "एवढे पैसे मोजून ढगच बघायचे होते, तर म्हैसमाळला गेलो असतो." मी गप्प बसलो. मला पैसे आठवत होते. आई मात्र शाल गुंडाळून, कानटोपी घालून बाहेर बसून राहिली. "पाऊस किती शहाण्यासारखा पडतोय बघ," ती म्हणाली. मराठवाड्यात जन्म काढलेल्या बाईला तो देखावा पुरेसा होता.

पुढे जूनो लागले. राज्याची राजधानी असूनही तिथे बाहेरून एकही रस्ता येत नाही, बोटीने नाही तर विमानाने जायचे. हा सबंध मुलूख अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून बहात्तर लाख डॉलरांना विकत घेतला. स्कॅग्वेला सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधलेली अरुंद रुळांची गाडी आहे. ती घाट चढते तेव्हा माथेरानच्या गाडीची आठवण येते. आम्ही चौघे गाडीत बसलो. आईने नको म्हटले. परत आलो तर ती उत्साहाने सांगू लागली, समोरच्या डोंगरावर एक पांढरा बोकड तासभर चरत होता. आम्हाला गाडीतून एकही जनावर दिसले नव्हते.

व्हेलही प्रथम तिलाच दिसला. आधी पाण्यावर फवारा, मग काळी पाठ, मग शेपटी. मी वाचलेले सांगितले की हे कुबड असलेले व्हेल हिवाळ्यात हवाई बेटांकडच्या उबदार पाण्यात पिल्ले घालतात आणि उन्हाळ्यात खायला इकडे येतात. आई म्हणाली, "म्हणजे पोटासाठी सहा महिने घर सोडायचं. आपल्या ऊसतोडीवाल्यांसारखंच की."

आणि मग ग्लेशियर बेचा दिवस आला. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक लहान होडीतून येऊन बोटीवर चढले आणि ध्वनिक्षेपकावर माहिती सांगू लागले. ही खाडी वयाने आपल्या पेशवाईहून लहान आहे. १७९४ साली, म्हणजे खर्ड्याच्या लढाईच्या आदल्या वर्षी, कॅप्टन व्हँकुव्हरची माणसे इथे आली तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच. किनाऱ्यावर बर्फाची भिंत आणि तिच्यापुढे जेमतेम आठ किलोमीटरचा खळगा. १८७९ साली जॉन म्यूर आला तोवर बर्फ सत्तराहून अधिक किलोमीटर मागे सरला होता. आज बोट शंभर किलोमीटरच्या आसपास आत जाते. बर्फ येण्यापूर्वी इथे हूना ट्लिंगिट लोकांची गावे होती. पुढे सरकणाऱ्या हिमनदीने त्यांना घर सोडायला लावले. ती माघार मुळात निसर्गाचीच होती. पण आता जगभरच्या हिमनद्या माणसाने वाढवलेल्या उष्म्याने वितळताहेत, हेही त्या रक्षकाने आडपडदा न ठेवता सांगितले. ज्या बोटीच्या धुराड्याखाली उभे राहून आम्ही ते ऐकत होतो, तिचाही त्यात वाटा होताच.

मार्जरी हिमनदी समोर आली तेव्हा मी गच्चीवर होतो. सगळी बोट गच्चीवर होती. मैलभर रुंदीची, पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंचीची निळसर भिंत. वेरूळच्या कैलासाची उंची शंभर फुटांच्या आसपास, म्हणजे एकावर एक दोन कैलास ठेवले तरी वर जागा उरेल. पण मला भिंतीचा तुकडाच तेवढा दिसत होता. पुढे माणसांच्या चार रांगा होत्या आणि प्रत्येकाचा फोन हवेत होता. मला आईची आठवण झाली आणि मी धावत खाली आलो.

खोलीत शिरलो तर गॅलरीसमोर हिमनदी नव्हतीच. बोटीची दुसरी बाजू तिच्याकडे होती. माझा जीव खाली-वर झाला. चार महिन्यांचा अभ्यास, दुप्पट पैसे, आणि ऐन वेळी पाठ? "आई, चल, वर जाऊ, लिफ्टने," मी म्हटले.

"बस रे," ती म्हणाली. "बोट फिरतेय. डोंगर बघ कसा सरकतोय."

खरेच बोट जागच्या जागी अतिशय सावकाश वळत होती. दोन्ही बाजूंना दर्शन घडावे म्हणून कप्तान तसे करतो, हे मी वाचले होते आणि घाबरून विसरलो होतो. पाच-सात मिनिटांत ती निळी भिंत हळूहळू आमच्या गॅलरीच्या चौकटीत आली आणि स्थिर झाली. आई खुर्चीतून हलली नव्हती. काचेच्या कठड्यातून तिला पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या ढेकळांपासून वरच्या शिखरांपर्यंत सारे दिसत होते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भिंतीचा एक सुळका निसटला. आधी तो पडताना दिसला, आणि पाणी उसळल्यावर मग गडगडाट ऐकू आला, वीज चमकल्यानंतर येतो तसा. आई पुढे वाकून पाहत होती. बर्फावरून वळत आलेल्या एका काळ्या पट्ट्याकडे तिने बोट केले.

"तो मध्य हिमोढ. दोन हिमनद्या एकत्र येतात ना, तेव्हा त्यांच्या कडेचे दगडगोटे मधे येतात. तो पट्टा."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. आई सातवीपर्यंत शिकलेली. पण तीस वर्षे बाहेरच्या खोलीत वडिलांच्या शिकवण्या चालत आणि आत ती पोळ्या लाटत असे. पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ, अंत्य हिमोढ, सगळे तिने भिंतीपलीकडून ऐकले होते.

"फळ्यावर ते खडूने असाच काढायचे," ती म्हणाली. "बरोबर काढायचे."

एवढेच. डोळे पुसले असतील तर ते थंडीने, असे आम्ही सर्वांनी मानले. बोट परत फिरली तेव्हा वितळून खाडीत मिळणाऱ्या ओढ्यांकडे बघत ती म्हणाली, "एवढं गोड पाणी, आणि सगळं खारट होणार." हे मात्र आमच्या उस्मानपुऱ्याचे बोलणे होते.

आता ओळखीचे लोक विचारतात, "सर, गॅलरीची खोली घ्यावी का? पैसे वसूल होतात का?" मी त्यांना कठड्याची, मजल्याची, लिफ्टची सारी माहिती देतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो, तुमच्याबरोबर बसून राहणारे कोण आहे? सगळेच चालते-फिरते असाल तर आतली खोली घ्या. गच्ची तुमचीच आहे, उरलेल्या पैशांत आणखी एक प्रवास होईल. पण घरातले एखादे माणूस बसल्या जागेवरूनच जग पाहणार असेल, तर त्याची खोली आधी ठरवा आणि मग बोट.

परत आलो तेव्हा जून संपत होता आणि पाऊस अजून लागायचा होता. गॅलरीत आईची खुर्ची तशीच होती, चार विटांवर. एका आठवड्याच्या बोटीचा कठडा काचेचा आहे की पत्र्याचा, याची मी चार महिने चौकशी केली होती. घरच्या कठड्याकडे मी सहा वर्षांत पाहिले नव्हते. दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावले. विटांचा कठडा कमरेखाली उतरवून तिथे लोखंडी गज बसवले. दोन दिवसांचे काम, आणि खर्च बोटीवरच्या एका दिवसाच्या भाड्याहूनही कमी.

खुर्चीखालच्या विटा काढून टाकायला मी गेलो, तर आई म्हणाली, "राहू दे. तुळशीच्या कुंडीखाली लावीन." खुर्ची जमिनीवर टेकली. ती बसली, गजांतून खाली पाहिले आणि मला हाक मारून म्हणाली, "अरे, बादल्या काढा. समोरच्यांच्या नळाला पाणी आलं बघ."